घंटा घेऊन फिरणारे गुरुजी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने फुटबॉलवर बोलावे, ह्याचे तुम्हाला हसू येईल. मलाही आले. पण धाकट्याने एका अमेरिकन फुटबॉल-शिक्षकाची हकिगत वाचून दाखवली, ती मनातून जाईना. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचे नि एकमेकांना पाडायचे. खेळ मला कळला नाही, माणूस कळला.

एडी रॉबिन्सन त्यांचे नाव. जन्म १९१९, लुइझियाना राज्यात. वडील वाट्याने शेती करीत, आई लोकांकडे कामाला जाई. कॉलेज करूनही काळ्या माणसाला कोण काम देणार? जनावरांच्या खाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबले. १९४१ साली ग्रँबलिंग गावी, काळ्या मुलांच्या छोट्या कॉलेजात शिक्षक म्हणून लागले. त्याच वर्षी डोरिसबाईंशी लग्न झाले. पहिल्या वर्षी ३ सामने जिंकले, ५ हरले. पुढच्या वर्षी ९ च्या ९ जिंकले, आणि समोरच्यांना एक गुण करू दिला नाही!

पण मला आवडले ते निराळेच. हाताखाली माणसे नव्हती, म्हणून मैदानावरच्या रेघा स्वतः ओढायच्या, मुलांचे घोटे स्वतः बांधायचे. त्या काळी तिकडे दक्षिणेत वाटेतल्या हॉटेलांत काळ्यांना बसू देत नसत. तेव्हा हे गुरुजी सँडविच करून मुलांना खाऊ घालीत. आपण प्रवासाला दशम्या बांधतो त्या हौसेने, हो! आणि सकाळी वसतिगृहात गाईच्या गळ्यातली घंटा वाजवीत फिरत. खेळायला नव्हे, वर्गात जायला उठा म्हणून! माझी शाळा सुटली तेव्हा अशी घंटा कोणी वाजवली नाही. असो.

त्यांची दोनशेहून अधिक मुले पुढे धंदेवाईक संघांत गेली. डग विल्यम्स हा त्यांचाच. १९८८ साली तिकडची सर्वांत मोठी लढत त्याने जिंकून दिली. गुरुजी १९९७ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ४०८ विजय नावावर होते. डोरिसबाईंनी किती रात्री ताट झाकून ठेवले, तो आकडा कुठे छापलेला नाही. पुढे विस्मरणाच्या आजाराने गाठले, आणि २००७ साली ते गेले.

परीक्षा जवळ आली आहे. आमच्या देवघरातली घंटा सध्या पहाटे धाकट्याच्या उशाशी वाजते. तो चिडतो.