महाबळेश्वरच्या पावसात पॉलियुरेथेन ओतू नका

मागे धो धो आवाज येतोय तो माइकचा नाही. मी महाबळेश्वरला घरी आलोय आणि बाहेर जुलै चालू आहे.

आज आमच्या पद्मिनीबद्दल बोलू. प्रीमियर पद्मिनी, आजोबांनी १९८९ मध्ये घेतलेली. मूळची फियाट ११००, १९७४ पासून पद्मिनी नावाने कुर्ल्यात बनायची. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, तेव्हा रील्स बघून तुम्ही पण हळवे झाला असाल. मी झालो. पण मग डोक्यात आलं, टॅक्सी गेल्या, आता हिचे रबरी पार्ट कोण बनवणार?

कारण आमच्याकडे तेच दुखणं होतं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या बाजूला, कॉलमवर असतो. तिथून गिअरबॉक्सपर्यंत दांड्या आणि सांधे जातात. आमच्या गाडीत सांध्यातल्या दोन बुशांचा अक्षरशः भुगा झाला होता. लिव्हर खुळखुळ्यासारखा हलायचा. पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना थर्डमधून सेकंड टाकायला जावं आणि गिअर मध्येच हरवावा. बाबा म्हणाले, "अरे, घाटात गाडी न्यूट्रलला राहिली की सगळा भार ब्रेकवर. मी नाही नेत हिला खाली." बाजारातून आणलेलं डुप्लिकेट बुश चार महिन्यांत चिरलं. म्हटलं, घरीच बनवू.

पॉलियुरेथेन म्हणजे दोन डबे. एकात पॉलिऑल, दुसऱ्यात आयसोसायनेट. ठरलेल्या प्रमाणात मिसळायचं, साच्यात ओतायचं, घट्ट झालं की काढायचं. कडकपणा शोअर ए मध्ये मोजतात. मी ७० ए घेतलं, साधारण टायरच्या रबराइतकं. झिजत कमी, आणि तेल-ग्रीसला रबरापेक्षा चांगलं टिकतं. मी कोड लिहिणारा माणूस, मला वाटलं रेसिपी फॉलो केली की झालं.

पहिला घोळ साच्यातच. जुन्या बुशावर प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर रबराला लागून सगळं चिकट, पातळ. का? जुनं रबर गंधक घालून पक्कं केलेलं असतं आणि गंधक प्लॅटिनमची क्रिया अडवतं. लॅटेक्सचे हातमोजे घातले तरी तोच त्रास होऊ शकतो. टिन-क्युअर सिलिकॉनला ही अडचण नाही.

शिवाय झिजलेल्या बुशाचा साचा काढला तर झिजलेलंच बुश मिळणार ना! हे मला सिलिकॉन वाया गेल्यावर सुचलं. मग दांडी आणि तिचं भोक व्हर्नियरने मोजलं, वाईतल्या लेथवाल्या काकांकडून नायलॉनचा नमुना कातून घेतला, आणि त्याचा साचा केला.

दुसरा घोळ मोठा. गेल्या वर्षी, याच महिन्यात ओतलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, हे मला जन्मापासून माहीत. तरी ओतलं. अर्ध्या तासात मिश्रण साच्यातून फुगून वर यायला लागलं, इडलीच्या पिठासारखं. कापून बघितलं तर आत नुसती भोकं. आईने दाबून बघितलं आणि म्हणाली, "गादी केलीस की रे!"

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. आयसोसायनेट पाण्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. गादीचा फोम बनवताना हीच क्रिया मुद्दाम घडवतात. आपल्याला ती नको असते, पण ओलावा कुठूनही येतो. हवेतून, कागदी कपातून, ढवळायच्या आइस्क्रीमच्या लाकडी काडीतून. प्लॅस्टरचा साचा तर पाणी धरूनच बसतो. आता माझा नियम: प्लॅस्टिकचा कप, स्टीलचा चमचा, साचा आधी गरम करून कोरडा, डबा लगेच बंद. आणि ओतायचं डिसेंबर-जानेवारीत. थंडीत सेट व्हायला वेळ लागतो, म्हणून खोक्यात बल्ब लावून ठेवतो.

वजनाचं पण सांगतो. किचनच्या काट्यावर जाऊ नका. बुश तीस ग्रॅमचं, त्यात दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले की पार्ट कायमचा चिकट राहतो. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या.

आणि हे प्लीज स्किप करू नका. आयसोसायनेटच्या वाफांनी दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. भोपाळचा वायू याच कुटुंबातला, पदार्थ वेगळा आणि कितीतरी जास्त घातक, पण नाव ऐकून थोडं घाबरलेलं बरं. व्हरांड्यात काम करा, केमिकल वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क वापरा, नायट्राइलचे हातमोजे घाला. कापडी मास्कचा इथे उपयोग शून्य. मिश्रण गरम करायला घरचा ओव्हन नको.

जानेवारीतली बॅच छान उतरली. बुश बसवलं, लिव्हर कटकट आवाज करत जागेवर जायला लागला. मला इतका चेव आला की पुढच्या सस्पेन्शनची बुशं पण ओतायची ठरवली. आमचे मेकॅनिक काका सरळ नाही म्हणाले. "गिअरचं बुश गेलं तर तू बाजूला थांबशील. चाकाचं गेलं तर कुठे थांबशील?" मी शोअर ए वगैरे सांगायला लागलो. ते म्हणाले, "तुझ्या बुशावर किती किलोचा दाब देऊन बघितलास?" उत्तर नव्हतं. ऑफिसमध्ये टेस्ट न करता कोड चढवला तर रोलबॅक करता येतो. पसरणी घाटात रोलबॅक म्हणजे गाडी खरंच मागे जाते.

तर आमच्या घरात यादी आहे. गिअरची बुशं, दाराचे बफर, बॉनेटखालचे पॅड, हे घरी. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, यातलं काहीही नाही. इंजिन माउंटवर बाबांचं आणि माझं अजून भांडण चालू आहे. सायलेन्सरजवळच्या उष्णतेत हे मटेरियल लवकर मऊ पडतं, म्हणून तिथेही नाही.

गिअरच्या बुशालाही बाबांनी दोन महिने घाट दाखवला नाही. नुसतं महाबळेश्वर-पाचगणी, पाचगणी-महाबळेश्वर. दर रविवारी मी गाडीखाली टॉर्च घेऊन, चीर पडली का बघायला. मार्चच्या शेवटी एका सकाळी त्यांनी चावी घेतली आणि मला म्हणाले, "चल, वाईला जाऊ." पसरणीच्या तिसऱ्या वळणावर त्यांनी सेकंड टाकला. पडला. ते काही बोलले नाहीत, फक्त रेडिओचा आवाज वाढवला.

साच्याचे फोटो टाकतोय. ओतणार असाल तर आधी खिडकीबाहेर बघा, पाऊस असेल तर डबा उघडू नका.