चाई कशाने पडते?

आपल्या अर्धापूर-नांदेड भागात कुणाच्या डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, की ‘चाई लागली’ असे म्हणतात. कसलासा किडा रात्री केस खाऊन जातो, अशी समजूत. मग लसूण चोळा, गुंज उगाळून लावा, असे उपाय चालू होतात. लहानसा चट्टा पुष्कळदा वर्षाच्या आत आपोआप भरून येतो, आणि यश मात्र गुंजेच्या पदरात पडते! पण काहींचे तसे होत नाही. सगळे डोके जाते, भुवयासुद्धा जातात. मुलगा असला तर टोपी घालून वेळ निभावतो. मुलीची शाळा सुटते, आणि पुढे सोयरीक जुळेना की आईच्या घराण्याला बोल लागतो.

किडा नाही, तर मग हे आहे तरी काय? या प्रश्नामागे डॉ. अँजेला क्रिस्तियानो नावाच्या अमेरिकन संशोधिका गेली तीसेक वर्षे लागलेल्या आहेत. कातडी नुसती घासली तरी फोड उठतात, असा एक आनुवंशिक रोग आहे. आधी त्या त्याचा अभ्यास करीत. १९९५ साली त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आल्या, आणि थोड्याच काळात त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर चाईचा चट्टा उमटला. तेव्हा त्यांनी केसांचाच विषय हाती घेतला.

पहिले मोठे यश आले ते १९९८ मध्ये, आणि तेही आपल्या शेजारच्या पाकिस्तानातील एका कुटुंबामुळे. त्या कुटुंबात काही जणांच्या अंगावर एकही केस टिकत नसे. नात्यातल्या नात्यात लग्ने होत आलेली. आता हे नीट ध्यानात घ्या. शरीर कसे घडावे याच्या सूचना आपल्या पेशींत असतात. त्या प्रत्येक सूचनेला जनुक म्हणतात. बहुतेक जनुकांची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. यांतली एक बिघडली तरी पुष्कळदा दुसरीवर काम भागते. पण नात्यातल्या नवराबायकोजवळ एकाच आजोबाकडून आलेली तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव अधिक. तसे असले, तर दर अपत्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याचा धोका चारात एक. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही आहे, म्हणून हे सांगितले. अशा प्रत्येक लग्नातून रोग निघतो असे मात्र मुळीच नाही. आणि दोष एकट्या आईकडून येत नाही, तो दोघांकडून यावा लागतो.

तो बिघाड आठव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर सापडला. पण गंमत अशी, की चाईचे कोडे त्याने सुटले नाही. तो रोगच निराळा होता. बाईंना आपल्या आजाराचे कारण शोधायला आणखी बारा वर्षे लागली. २०१० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाईचे १,०५४ रुग्ण आणि ३,२७८ निरोगी माणसे यांची जनुके ताडून पाहिली. तेव्हा दिसले, की चाईत एक जनुक नसते, अनेकांचा थोडाथोडा वाटा असतो. आणि त्यांतली काही लहानपणच्या मधुमेहात व संधिवातातही आढळतात. म्हणजे बिघाड केसाचा नव्हे, राखणीचा. शेतावर जागलीला ठेवलेल्या गड्याने घरधन्यालाच चोर समजून काठी हाणावी, तशा रक्तातल्या राखणदार पेशी केसांच्या मुळांवर तुटून पडतात. सुदैवाने मूळ मरत नाही. म्हणून तर केस परत येऊ शकतात.

या राखणदारांना चेतवणारा निरोप अडवणारी औषधे दुसऱ्या रोगांसाठी बाजारात होतीच. २०१४ साली कोलंबियातल्या तीन रुग्णांना त्यांतले एक दिले, आणि चार-पाच महिन्यांत त्यांच्या डोक्यावर केस आले! त्याच जातीच्या एका औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. पण सगळ्यांना गुण येतो असे नाही. औषध थांबवले की केस पुन्हा जाऊ शकतात. शिवाय राखणदार दबला की क्षयासारखा दबलेला रोग उठण्याची भीती. आपल्या मुलखात ती लहान नव्हे. तेव्हा ही गोळी कातडीच्या डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घ्यायची नाही.

केस गेले म्हणजे चाईच, असेही नाही. बुलढाणा जिल्ह्यात शेगावकडच्या काही गावांतून डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये अनेकांचे केस थोड्या दिवसांत गळाले. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या द्रव्याकडे बोट दाखवले. गावच्या गावाचे केस जातात तेव्हा अन्नपाणी तपासावे लागते. एकाच लेकराच्या डोक्यावर गुळगुळीत चट्टा पडतो तेव्हा गोष्ट वेगळी. चट्ट्यावर खवले वा खाज असली तर तो गजकर्णासारखा बुरशीचा रोग असू शकतो. तो लागट आहे, पण औषधाने जातो.

चाई मात्र लागट नाही. वर्गातली एखादी मुलगी रुमाल बांधून आली, तर गुरुजी, तो सोडायला लावू नका. आणि तिच्या बाकावर बसायला कोणी कां-कूं करीत असेल, तर त्याला हा किड्याचा खुलासा वर्गातच करून सांगा. तिच्या घरी निरोप धाडायचा तो एवढाच, की नांदेडच्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, गुंज पुरे झाली.