शाळेतले विमान



निकोलाय पोलिकार्पोव यांनी १९२०च्या दशकाअखेरीस घडविलेले ‘यू-२’ हे विमान मुळात नवशिक्या वैमानिकांसाठी होते. लाकडी सांगाडा, त्यावर कापड. वेग ताशी जेमतेम १५० किलोमीटर. १९४२ साली सोव्हिएत तरुणींच्या ५८८व्या रेजिमेंटने तेच रात्रीच्या बाँबफेकीसाठी युद्धात नेले. लक्ष्याजवळ इंजिन मंद करून त्या अंधारात तरंगत येत. १९४४पर्यंत त्यांच्यापाशी हवाई छत्रीही नसे. जर्मन सैनिक त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत. त्या शिवीतच भीतीची कबुली होती. कित्येकजणी परतल्या नाहीत.

विद्यादानाचे साधन संहाराला जुंपावे लागले, हे त्या काळाचे दुर्दैव. तथापि आक्रमण दाराशी आले तेव्हा शाळेत गिरविलेला धडाच त्यांच्या हाती होता, याचे विस्मरण आपणांस होऊ नये.