जुन्या डिझेल गाडीचे ट्यूनिंग : आधी तपासणी, मग बदल

(चाकण परिसरातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्या शिकवणारा माणूस मोटारीवर काय बोलणार, असे आपणास वाटेल. परंतु चाकणच्या बाजाराला येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी उभी आहे. घरातील मुलगा जवळच्या कारखान्यात कामाला आहे, त्याच्याजवळ लॅपटॉप आहे. "अप्पा, गाडीचा पिकअप वाढवून देतो," असे तो म्हणतो. त्याला काय उत्तर द्यावे, हे आज पाहू.

संगणक काय करतो?

प्रथम आपल्या गाडीत संगणक आहे का, ते पाहावे. पिंपरी येथे तयार झालेल्या, १९९८ साली आलेल्या इंडिकाच्या पहिल्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक होता. तेथे लॅपटॉपचे काम नाही. नंतरच्या कॉमन रेल इंजिनात मात्र डिझेल किती, केव्हा आणि किती दाबाने सोडावयाचे, हे ईसीएम नावाची पेटी ठरवते. तिच्यात त्यासाठी तक्ते भरलेले असतात. त्यांना 'मॅप' म्हणतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही इंजिनाची खतमात्राच होय.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. हवा न वाढवता डिझेल वाढवले, की काळा धूर येतो, जळालेल्या वायूंचे तापमान वाढते आणि टर्बो व पिस्टन धोक्यात येतात. गव्हाला जादा युरिया दिला की तो हिरवागार दिसतो आणि नंतर लोळतो, तसाच हा प्रकार आहे.

रांजणगावला पूर्वी तयार होणाऱ्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचे उदाहरण घ्या. ते ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन प्रकारांत मिळे. परंतु ९० च्या प्रकाराला बदलत्या पात्यांचा वेगळा टर्बो होता. म्हणजे कंपनीनेही नुसते आकडे बदलून शक्ती वाढवली नाही, हवेची सोय आधी केली. हे लक्षात ठेवावे.

आधी तपासणी

माती परीक्षण केल्याशिवाय खत देऊ नये, असे आम्ही नेहमी सांगतो. मी स्वतः मात्र माझ्या जुन्या गाडीबाबत हा नियम मोडला. गाडी चढाला ओढत नव्हती, म्हणून घाईने मॅप बदलून घेतला. धूर वाढला, महिन्याभरात क्लचप्लेट घसरू लागली. अखेर मिस्त्रीने दाखवले, की टर्बोचा रबरी पाइप चिरलेला होता. पाइप बदलला, मूळ मॅप परत टाकला आणि गाडी पूर्वीसारखी चालू लागली. खर्च झाला तो माझ्या उतावळेपणाचा.

म्हणून एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे पाइप, इंजेक्टरचे परत येणारे डिझेल, क्लच आणि रेडिएटर आधी तपासावेत. स्कॅनर लावून दोषांचे कोड पाहावेत व ते दोष दूर करावेत. बहुतेक वेळा येथेच काम भागते.

बदल करावयाचाच असेल तर

१) मूळ फाईल दोनदा वाचून घ्यावी, दोन्ही प्रती जुळतात का ते पाहावे आणि त्या दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. घरचे बियाणे जपतो तशी ही फाईल जपावी.

२) फाईल लिहिताना बॅटरी पूर्ण भारित असावी. काम अर्धवट तुटल्यास पेटी निकामी होऊ शकते. वीज जाण्याच्या वेळी हे काम करू नये.

३) एका वेळी एकच बदल करावा व तो अल्प असावा. धुराची मर्यादा सांभाळणारा तक्ता आणि रेलचा दाब यांना हात लावू नये. ईजीआर बंद करू नये.

४) बदलापूर्वी व बदलानंतर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाने, त्याच गिअरमध्ये गाडी चालवून नोंदी घ्याव्यात. टाकी काठोकाठ भरून डिझेलचा हिशेब ठेवावा. तुलनेचा वाफा नसेल तर प्रयोगास अर्थ राहत नाही.

५) धूर, पाण्याचे तापमान किंवा क्लच यांत थोडाही बिघाड दिसल्यास मूळ फाईल त्वरित परत टाकावी.

धूर आणि कायदा

धूर दिसत नाही म्हणजे सर्व ठीक, असे समजू नये. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील संगणक चाचणी ओळखून तेवढ्यापुरते नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो, हे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. चाकणला कारखाना असलेल्या या कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातील ३ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासातून आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वये नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठरवल्या आहेत. म्हणून शक्ती वाढवण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. परवानगी नसेल तर मूळ फाईलवरच समाधान मानावे.

तेव्हा मुलाला नाही म्हणू नका. त्याच्या हातातील विद्या मोलाची आहे. त्याला एवढेच सांगा, "बाळ, आधी फिल्टर उघड, पाइप तपास, वही घाल. आकड्यांचे नंतर पाहू." असे केल्यास गाडीही टिकेल आणि मुलगा खरा कारागीर होईल.