खेळण्यांतील मोटर आणि तिचा दांडा

शाळकरी मुलें हल्लीं घरोघरीं यंत्रगाड्या जुळवितात. त्यांत बहुधा पिवळ्या पेटीची, बाजारांत 'बी. ओ. मोटर' म्हणून मिळणारी मोटर असते. हिच्या दांतेरी चाकांचें प्रमाण बहुशः १:४८ असतें. मोटरीचे ४८ फेरे होतात तेव्हां बाहेरील आंस एकदां फिरतो. वेग खर्चून जोर मिळतो, आणि तोच जोर पुढें नेतांना मुलांचें घोडें अडतें.

हा आंस प्लॅस्टिकचा, सुमारें साडेपांच मिलिमीटर जाडीचा असून त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट असतात. त्यावर गोल भोंकाची नळी डिंकानें चिकटविणें हा उतावळेपणाच होय. गाडी अडली कीं आंस नळींतच गरगरूं लागतो. भोंक आंसाच्याच आकाराचें हवें. ह्याच मोटरीच्या जुन्या चाकाचा तुंबा कापून घेतल्यास तें आयतें मिळतें. ह्याहून स्वस्त युक्ति नाहीं.

तुंबा व पोलादी दांडा आंखूड रबरी नळीनें जोडून दोन्ही टोकें तारेनें आवळावींत. किंचित् वांकडेपणा रबर पोटांत घालतें. परंतु गाडीचें ओझें प्लॅस्टिकच्या आंसावर टाकूं नये. दांड्याला सांगाड्यांत दोन ठिकाणीं बेअरिंगांचा आधार द्यावा, म्हणजे मोटरीकडे केवळ फिरविण्याचें काम राहतें. पुष्कळ गाड्या येथेंच बिघडतात.

पेटी जोडण्यापूर्वीं दांडा बोटानें फिरवून पाहावा. एकाच फेऱ्यांत कोठें जड, कोठें हलका लागला, तर बेअरिंगें एका रेषेंत नाहींत किंवा दांडा वांकला आहे. जोडणीनंतर मात्र चाक हातानें जोरानें पिळूं नये. आंतील दांते तुटतात.