मोकळ्या हवेचे घर



बोलण्याची आज्ञा झाली म्हणून उभी राहिले आहे. विषय मीच मागून घेतला, कारण त्यात मी एकदा चांगलीच फसले आहे.

2019 साली आम्ही दादरचे बिऱ्हाड हलवून इकडे आलो. यजमानांना मधुमेह, डॉक्टरांनी रोज तासभर चालण्यास सांगितलेले. दादरच्या चौपाटीवर संध्याकाळी माणसाला माणूस लागे. इकडे घर पाहण्यास आलो तो दिवाळीचा पाडवा. समोर डोंगर, खाडीचा वारा आणि रस्ता अगदी रिकामा! हे म्हणाले, "झाले, शोध पुरे."

राहायला आलो आणि पाहतो तो त्याच रस्त्यावर बंदराकडे निघालेल्या कंटेनर-गाड्यांची रांग! कडेने चालायला वीतभर जागा नाही. डोंगर रोज दिसे. पण तिथवर पायी जाणे जिवावरचे होते. दोन महिने हे गॅलरीतच येरझाऱ्या घालीत होते, आणि साखर काही उतरेना. शेवटी आतल्या बाजूस दुसरे घर भाड्याने घेतले. तेथून डोंगर दिसत नाही, पण दार ओढून निघाले की चालता येते.

गाड्यांना मी दोष देत नाही. 26 मे 1989 रोजी सुरू झालेल्या या बंदरावर कितीतरी चुली पेटतात. त्यासाठी शेव्याच्या कोळीवाड्याने आपली जागा सोडली, हेही आपण बाहेरून आलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

तेव्हा घर पाहायचे ते कामाच्या दिवशी, दिवेलागणीस आणि एकटीने पायी. पुरुषमाणसे मोटारीतून पाहतात नि खूष होतात!

गर्दीचे म्हणाल तर ती वाराची असते. 1968 पासूनचे कर्नाळ्याचे पक्षी-अभयारण्य रविवारी जत्रेसारखे भरते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. मंगळवारी सकाळी जावे.

12 जानेवारी 2024 रोजी सुमारे 22 किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला, उरणची रेल्वेही त्याच दिवशी सुरू झाली. आता लोक येणारच. आपणही आलोच की!

येत्या गुरुवारी आम्ही दोघे कर्नाळ्यास निघणार आहोत. पनवेलहून सकाळची एस.टी. धरायची आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी दशम्या बांधून घ्याव्यात. चटणी माझ्याकडे आहे.