हरिगोलाची डागडुजी

टोपलीसारखी गोल नाव म्हणजे हरिगोल. कृष्णा-तुंगभद्रेच्या खोऱ्यातली ही जुनी नाव. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. पूर्वी त्यावर कातडे चढवत. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायसने अशा नावांत १५-२० माणसे मावतात, असे नोंदवले आहे. आता कातड्याऐवजी ताडपत्री किंवा प्लास्टिकची पोती आणि वर डांबराचा लेप.

डागडुजी अंगणातही होते. नाव पालथी घालून उन्हात खडखडीत वाळवावी, कुजक्या कामट्या बदलाव्यात, फाटल्या जागी कापडाचे ठिगळ लावून गरम डांबर फासावे. ओलीवर डांबर धरत नाही; इथे घाई नडते. काठाची वीण सर्वांत महत्त्वाची, ती सैल पडली की नावेचा आकारच बिघडतो. लेप पुरता सुकल्यावरच नाव पाण्यात उतरवावी.